अनुक्रम जुळवणीची मुक्त सॉफ्टवेअर शोधणे आणि इन्स्टॉल करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र शिकवणारे शिक्षक आणि या विषयांत प्रकल्प करणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. संगणकाला द्यायच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप कराव्या लागतात आणि त्या वेळी कीबोर्ड मराठीवर ठेवलेला नाही ना, हे आधी पाहावे.

अनुक्रम जुळवणी म्हणजे काय आणि तिच्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर कशाला हवे?

डीएनए, आरएनए किंवा प्रथिनांचे दोन किंवा अधिक अनुक्रम एकाखाली एक असे मांडणे की, समान उगमाची अक्षरे एकाच स्तंभात येतील आणि जेथे एखादे अक्षर गळले किंवा नव्याने शिरले असेल तेथे रिकामी जागा दिसेल, याला अनुक्रम जुळवणी किंवा अलाइनमेंट म्हणतात. प्रत्येकी १०० अक्षरांचे दोनच अनुक्रम घेतले, तरी रिकाम्या जागा वेगवेगळ्या ठिकाणी सोडून त्यांच्या जितक्या मांडण्या करता येतात, त्या संख्येत पन्नासहून अधिक अंक असतात. त्यातून सर्वोत्तम मांडणी निवडण्याची खात्रीशीर पद्धत नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० मध्ये मांडली. संपूर्ण अनुक्रमाऐवजी त्यांतील सर्वाधिक जुळणारा भाग शोधण्याची पद्धत स्मिथ आणि वॉटरमन यांनी १९८१ मध्ये दिली. दोनांऐवजी पन्नास अनुक्रम असतील तर अचूक पद्धत कोणत्याही संगणकाला झेपत नाही, त्यामुळे अशा वेळी सॉफ्टवेअर आधी जवळचे अनुक्रम जुळवून मग त्यांत दूरचे मिसळत जाते. अनेक अनुक्रमांची जुळवणी हा त्यामुळे एक चांगला अंदाज असतो, हे काम सुरू करण्यापूर्वीच लक्षात असावे.

इतक्या नावांमधून नेमके कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

प्रश्न कोणता आहे हे आधी ठरवले, तर निवड बरीचशी आपोआप होते. बहुतेक गोंधळ प्रश्न न ठरवता सॉफ्टवेअर शोधायला बसल्यामुळे होतो.

आपला अनुक्रम कोणत्या जिवाचा आहे हे शोधायचे असेल, म्हणजे तो मोठ्या संग्रहाशी ताडून पाहायचा असेल, तर ब्लास्ट वापरावे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत आज अमेरिकेतील एनसीबीआय संस्थेच्या ब्लास्ट प्लस या संचातून मिळते. दोनच अनुक्रमांची नेमकी तुलना करायची असेल, तर एम्बॉस या संचातील नीडल आणि वॉटर हे दोन छोटे प्रोग्राम पुरतात. त्यांतील नीडल संपूर्ण लांबीची तुलना करतो, तर वॉटर जुळणाऱ्या भागापुरती.

अनेक अनुक्रम एकत्र जुळवायचे असतील, तर तीन नावे समोर येतात. क्लस्टल या घराण्याची सुरुवात १९८८ मध्ये झाली. त्यातील क्लस्टल डब्ल्यू १९९४ मध्ये आले आणि आजही अनेक जुन्या प्रात्यक्षिक वह्यांत त्याचेच नाव आढळते, परंतु नव्या कामासाठी २०११ मधील क्लस्टल ओमेगा घ्यावे. त्याच्या कर्त्यांनी एकाच प्रोसेसरवर काही तासांत १,९०,००० हून अधिक प्रथिन अनुक्रम जुळवून दाखवले होते. दुसरे मॅफ्ट, जे जपानमध्ये काटोह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तयार केले. तिसरे रॉबर्ट एडगर यांचे मसल, जे २००४ मध्ये आले आणि ज्याची पूर्णपणे नव्याने लिहिलेली पाचवी आवृत्ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली.

आमचे मत विचाराल तर पदव्युत्तर प्रकल्पासाठी मॅफ्ट आणि जुळवणी डोळ्यांनी पाहण्यासाठी ॲलीव्ह्यू, एवढी जोडी पुरेशी आहे. मॅफ्टमधील ‘ऑटो’ हा पर्याय अनुक्रमांची संख्या आणि लांबी पाहून पद्धत स्वतः निवडतो. अनुक्रम दोनशेच्या आत असतील आणि थोडा अधिक वेळ देण्याची तयारी असेल, तर त्यातील एल-आयएनएस-आय ही अधिक अचूक पद्धत मागून घ्यावी.

नव्या पिढीच्या यंत्रांमधून येणारे लाखो छोटे तुकडे जनुकसंचावर बसवणे हे पूर्ण वेगळे काम आहे. त्यासाठी बीडब्ल्यूए, बोटाय २ किंवा मिनीमॅप २ लागतात. तेथे क्लस्टल किंवा मसल वापरण्याचा प्रयत्न करू नये.

विनामूल्य आणि मुक्त यांत काही फरक आहे का?

आहे, आणि तो परवान्याचा आहे. क्लस्टल ओमेगा, मसलची पाचवी आवृत्ती, तसेच जुळवणी करण्या-पाहण्यासाठीची यूजीन, जालव्ह्यू आणि ॲलीव्ह्यू ही जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहेत. मॅफ्टला बीएसडी हा मुक्त परवाना आहे, तर ब्लास्ट प्लस सार्वजनिक मालकीचे आहे. ही सर्व सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकावर टाकता येतात आणि विद्यार्थ्याला पेन ड्राइव्हवर देताही येतात. मेगा हे लोकप्रिय सॉफ्टवेअर संशोधन आणि अध्यापनासाठी पैसे न घेता मिळते, पण त्याचा परवाना या अर्थाने मुक्त नाही, त्यामुळे ते एकमेकांना वाटण्याऐवजी प्रत्येकाने मूळ ठिकाणाहून उतरवून घ्यावे. महागड्या सॉफ्टवेअरच्या कुलूप तोडलेल्या प्रती काही ठिकाणी हातोहात फिरत असतात. त्यांची गरज या विषयात तरी खरोखर नाही.

खरे सॉफ्टवेअर कोठे मिळेल? शोधल्यावर वेगवेगळ्या डाउनलोड साइट येतात.

सॉफ्टवेअर नेहमी त्याच्या कर्त्यांच्या पानावरून, गिटहब या सॉफ्टवेअर ठेवण्याच्या साइटवरील त्यांच्या भांडारातून किंवा लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या अधिकृत पॅकेज भांडारातून घ्यावे. शोधयंत्रात वर येणाऱ्या सर्वसाधारण डाउनलोड साइटवर अनेकदा जुन्या आवृत्त्या असतात आणि त्यांच्यासोबत नको असलेले प्रोग्रामही येतात. खात्री नसेल तर त्या सॉफ्टवेअरचा मूळ शोधनिबंध उघडावा, कारण त्यात पत्ता दिलेला असतो. पत्ता बदललेला असला, तरी तेथून नव्या ठिकाणापर्यंत पोहोचणे सोपे जाते. कर्त्यांनी फाइलसोबत एसएचए-२५६ बेरीज (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखसंख्या) दिली असेल, तर विंडोजमधील सर्टयूटिल किंवा लिनक्समधील एसएचए२५६सम या आज्ञेने उतरवलेल्या फाइलची बेरीज काढून ती ताडून पाहावी. ग्रामीण भागात नेटवर्क मध्येच तुटते आणि अर्धवट उतरलेली फाइल पूर्ण असल्यासारखी दिसते. असा दोषही या तपासणीत लगेच कळतो.

काहीही इन्स्टॉल न करता काम होणार नाही का?

पुष्कळदा होते. इंग्लंडमधील हिंक्सटन येथील युरोपीय जैवमाहिती संस्थेच्या साइटवर क्लस्टल ओमेगा, मसल, मॅफ्ट आणि नीडल हे सर्व ब्राउझरमधून चालवता येतात. एनसीबीआयचे ब्लास्टही तसेच चालते. एका तासिकेत वीस विद्यार्थ्यांना दहा अनुक्रम जुळवून दाखवायचे असतील, तर इन्स्टॉलेशनच्या मागे लागण्याचे कारण नाही.

स्वतःच्या संगणकावर सॉफ्टवेअर असणे तीन परिस्थितींत आवश्यक ठरते. पहिली म्हणजे तीच जुळवणी पर्याय बदलून अनेकदा करायची असेल तेव्हा. दुसरी म्हणजे इंटरनेटचा भरवसा नसेल तेव्हा, आणि धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या विद्यार्थ्याला हे सांगावे लागणार नाही. तिसरी परिस्थिती सर्वांत महत्त्वाची आहे. सातपुड्यातील आदिवासी समाजांत सिकलसेल आजाराचे प्रमाण मोठे असल्याने त्यावरचे प्रकल्प आपल्याकडे होतात आणि रुग्णांच्या नमुन्यांतून मिळालेले अनुक्रम हाताळावे लागतात. असे मानवी अनुक्रम, नैतिक समितीच्या परवानगीत तसे स्पष्ट लिहिलेले नसल्यास, बाहेरच्या कोणत्याही सर्व्हरवर चढवू नयेत. ते आपल्या प्रयोगशाळेतील संगणकावरच जुळवावेत.

माझ्याकडे विंडोज आहे. सर्वांत सोपा मार्ग कोणता?

माउसने काम करायचे असेल, तर यूजीन किंवा मेगा नेहमीच्या पद्धतीने इन्स्टॉल करावे. यूजीनमध्ये मसल, मॅफ्ट आणि क्लस्टल एकाच खिडकीतून चालवता येतात आणि सँगर पद्धतीच्या अनुक्रमांचे रंगीत आलेखही उघडतात. मेगामध्ये क्लस्टल डब्ल्यू आणि मसल आधीपासून असतात.

पुढे अधिक काम करायचे असेल, तर मात्र विंडोजच्या आतच लिनक्स बसवण्याचा मार्ग आम्ही सुचवतो. विंडोज १० ची २००४ क्रमांकाची किंवा त्यानंतरची आवृत्ती, अथवा विंडोज ११ असेल, तर पॉवरशेल ही विंडोजमधील आज्ञा देण्याची खिडकी ‘प्रशासक म्हणून’ उघडावी, त्यात ‘डब्ल्यूएसएल’ हा शब्द, मग एक जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून ‘इन्स्टॉल’ असे टाइप करावे आणि नंतर संगणक पुन्हा सुरू करावा. यातून उबुंटू नावाचे लिनक्स बसते. ते उघडल्यावर वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड विचारते. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, पण कीबोर्ड बिघडलेला नसतो. अक्षरे आत जात असतात. ‘व्हर्च्युअलायझेशन’ बंद असल्याचा संदेश आला, तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर, जाऊन ती सोय चालू करावी लागते.

त्यानंतर आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल मॅफ्ट’ या आज्ञा द्याव्यात. ॲप्ट हे उबुंटूचे सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन आहे. मॅफ्टच्या जागी ‘क्लस्टलओ’, ‘मसल’, ‘एम्बॉस’ किंवा ‘एनसीबीआय-ब्लास्ट+’ ही नावे टाकली की ती सॉफ्टवेअर येतात, आणि एकाच आज्ञेत जागा सोडून सर्व नावे लिहिली तरी चालते. विंडोजमधील सी ड्राइव्ह उबुंटूच्या आत ‘एमएनटी’ या फोल्डरखाली ‘सी’ नावाने दिसतो, त्यामुळे फाइल इकडून तिकडे न्याव्या लागत नाहीत.

प्रयोगशाळेतील संगणक जुने आहेत आणि त्यांवर विंडोज ७ आहे. मग काय करावे?

विंडोजच्या आतील लिनक्स त्यांवर चालणार नाही. मॅफ्ट आणि क्लस्टल ओमेगा यांच्या विंडोजसाठी आधीच तयार केलेल्या प्रती मिळतात. त्या इन्स्टॉल कराव्या लागत नाहीत, झिप फाइल उलगडली की चालतात. मात्र त्यांतील काही प्रती केवळ ६४ बिटच्या विंडोजवरच चालतात, म्हणून संगणकाच्या गुणधर्मांत ते आधी पाहावे. संगणक प्रयोगशाळेच्या पूर्ण ताब्यात असेल, तर विंडोज काढून एखादे हलके लिनक्स बसवणे हा उपाय आम्हाला अधिक टिकाऊ वाटतो. बायोएडिट हे फार जुने विंडोज सॉफ्टवेअर अजूनही पुष्कळ ठिकाणी वापरले जाते. अनुक्रम पाहण्या-सुधारण्यापुरते ते चालेल, परंतु त्याचा विकास थांबलेला असल्याने नव्या विद्यार्थ्यांना त्याची सवय लावू नये.

कोंडा आणि बायोकोंडा म्हणजे काय? ॲप्ट असताना त्यांची गरज का पडते?

ॲप्टमधून मिळणारी आवृत्ती आपल्या उबुंटूच्या आवृत्तीशी बांधलेली असते आणि ती कधी कधी जुनी असते. एखाद्या शोधनिबंधातील नेमकी आवृत्तीच हवी असेल किंवा संगणकावर प्रशासकाचे अधिकार नसतील, तर कोंडा उपयोगी पडते. ते आपल्या फोल्डरमध्ये स्वतंत्र ‘पर्यावरण’ तयार करते आणि त्यात बसवलेले सॉफ्टवेअर बाकीच्या यंत्रणेला हात लावत नाही. जीवशास्त्रातील हजारो सॉफ्टवेअर कोंडासाठी तयार करून ठेवलेले भांडार म्हणजे बायोकोंडा.

सुरुवात मिनिफोर्जपासून करावी. ॲनाकोंडा कंपनीचे मूळ भांडार मोठ्या संस्थांना काही अटींवर सशुल्क आहे, तर मिनिफोर्ज केवळ समाजाने चालवलेले कोंडा-फोर्ज भांडार वापरते, त्यामुळे परवान्याचा प्रश्नच उद्भवत नाही. भांडारांचा क्रम कोंडा-फोर्ज आधी आणि बायोकोंडा नंतर असा ठेवावा, कारण तो उलटा झाला की पॅकेजे एकमेकांशी भांडू लागतात. प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळे पर्यावरण करावे. बायोकोंडा थेट विंडोजवर चालत नाही. विंडोजवर ‘पॅकेज सापडले नाही’ असा संदेश येण्याचे नेहमीचे कारण हेच असते आणि त्यावर उपाय म्हणजे वर सांगितलेल्या उबुंटूच्या आत कोंडा बसवणे.

मॅक संगणकावर वेगळे काही करावे लागते का?

फारसे नाही. तेथेही मिनिफोर्ज चालते. ॲपलच्या स्वतःच्या चिपवरील नव्या संगणकांसाठी काही थोडी पॅकेजे अजून उपलब्ध नसली, तरी या पानावरील कामात त्यामुळे अडचण येत नाही.

इन्स्टॉल झाले म्हणतो, पण नाव टाइप केल्यावर ‘आज्ञा सापडली नाही’ असे उत्तर येते.

संगणक प्रोग्राम काही ठरावीक फोल्डरांतच शोधतो आणि त्या यादीला ‘पाथ’ म्हणतात. ॲप्टने बसवलेले सॉफ्टवेअर आपोआप त्या यादीत येते, पण गिटहबवरून हाताने उतरवलेले येत नाही. अशा वेळी प्रोग्रामचा पूर्ण पत्ता द्यावा किंवा त्याचा फोल्डर पाथमध्ये जोडावा. मसलच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी घडतात. उतरवलेल्या फाइलच्या नावात आवृत्ती आणि यंत्राचा प्रकार असतो, त्यामुळे नुसते ‘मसल’ म्हटल्यास ती सापडत नाही. शिवाय लिनक्सवर त्या फाइलला चालण्याची परवानगी ‘सीएचमॉड’ आज्ञेने द्यावी लागते. कोंडाने बसवले असेल, तर संबंधित पर्यावरण ‘ॲक्टिव्हेट’ केले आहे का, हे सर्वप्रथम पाहावे.

जुन्या टिपणांतील मसलची आज्ञा चालत नाही. सॉफ्टवेअर बिघडले आहे का?

नाही. तिसऱ्या आवृत्तीत आत घ्यायची फाइल ‘इन’ आणि बाहेर द्यायची फाइल ‘आउट’ या पर्यायांनी सांगावी लागे. पाचव्या आवृत्तीत त्यांच्या जागी ‘अलाइन’ आणि ‘आउटपुट’ आले आहेत. अनुक्रम खूप असतील, तर ‘अलाइन’ऐवजी ‘सुपर५’ वापरावे.

सॉफ्टवेअर माझी फाइलच स्वीकारत नाही.

जवळजवळ प्रत्येक वेळी दोष फाइलमध्ये असतो. फास्टा प्रकारच्या फाइलमध्ये प्रत्येक अनुक्रमाची पहिली ओळ ‘पेक्षा मोठे’ या गणिती चिन्हाने सुरू होते, त्यापुढे नाव असते आणि अनुक्रम पुढच्या ओळीपासून सुरू होतो. ही फाइल वर्डमध्ये तयार केली की ती साधा मजकूर राहत नाही. नोटपॅड वापरावे, आणि विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट लपवत असल्यामुळे फास्टाच्या मागे ‘टीएक्सटी’ चिकटलेले नाही ना, हे तपासावे. दोन अनुक्रमांना एकच नाव देऊ नये. नावात मोकळी जागा असेल, तर बहुतेक प्रोग्राम पहिल्या शब्दापुढचे नाव सोडून देतात, आणि मग ‘केळी रावेर’ आणि ‘केळी यावल’ हे दोन्ही नमुने नुसते ‘केळी’ होतात. त्यासाठी खालची रेघ वापरून शब्द जोडावेत. पुढे फायलिप या वंशवृक्ष काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रकारात फाइल न्यायची असेल, तर पहिली दहा अक्षरेच वेगळी असावीत. फाइलची, फोल्डरची आणि अनुक्रमांची नावे रोमन अक्षरांतच ठेवावीत, कारण काही जुने प्रोग्राम देवनागरी नाव दिसताच थांबतात.

सॉफ्टवेअर नीट बसले आहे हे कसे तपासावे?

ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे, असा प्रश्न त्याला विचारावा. एनसीबीआयवरून मानवी बीटा ग्लोबिन जनुकाचा प्रथिन घडवणारा भाग घ्यावा. आरंभ आणि विराम या दोन्ही खुणा धरून तो ४४४ अक्षरांचा असतो. त्याची एक प्रत करून विसाव्या स्थानावरील ‘ए’च्या जागी ‘टी’ लिहावे. जीएजीचे जीटीजी होते, म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, आणि हाच सिकलसेलचा बदल आहे. दोन्ही अनुक्रम नीडलला दिल्यावर ४४४ पैकी ४४३ अक्षरे जुळल्याचे, म्हणजे ९९.८ टक्के साम्य असल्याचे आणि एकही रिकामी जागा नसल्याचे उत्तर यायला हवे.

येथे विद्यार्थ्यांना नेहमी एक शंका येते. पुस्तकांत हा बदल सहाव्या अमिनो आम्लात आहे असे लिहिलेले असते, तर जुळवणीत तो सातव्या स्थानी दिसतो. जुळवणी चुकलेली नसते. प्रथिन तयार झाल्यावर सुरुवातीचे मेथिओनिन काढून टाकले जाते आणि जुनी मोजणी त्यानंतरची आहे.

केळीवरील विषाणूचे माझे काही अनुक्रम बाकीच्यांशी अजिबात जुळत नाहीत. कारण काय असेल?

रावेर-यावल पट्ट्यातील केळीवर येणाऱ्या कुकुंबर मोझॅक विषाणूवर आपल्याकडे बरेच प्रकल्प होतात, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. या विषाणूच्या आवरण प्रथिनाचे जनुक ६५७ अक्षरांचे असते आणि त्यापासून २१८ अमिनो आम्लांचे प्रथिन तयार होते. विषाणूच्या दोन मुख्य उपगटांतही सुमारे ७५ टक्के साम्य असते. त्यामुळे एखादा अनुक्रम सर्वत्र रिकाम्या जागांनी भरलेला दिसत असेल, तर नवा विषाणू सापडला असे समजण्यापूर्वी त्याची दिशा पाहावी. उलट प्रायमरने वाचलेला अनुक्रम पूरक आणि उलटा करून घ्यावा लागतो. मॅफ्टला ‘ॲडजस्टडायरेक्शन’ हा पर्याय दिला, तर तो असे अनुक्रम ओळखून स्वतःच फिरवतो आणि त्यांच्या नावाला खूण जोडतो.

दिशा बरोबर असूनही जनुकाच्या मध्यात एकाच अक्षराची रिकामी जागा दिसत असेल, तर सँगरचा रंगीत आलेख उघडून ते स्थान पुन्हा वाचावे. तीनच्या पटीत नसलेल्या रिकाम्या जागेमुळे पुढचे सगळे प्रथिन बिघडते आणि जिवंत विषाणूच्या आवरण प्रथिनात असे सहसा घडत नाही, त्यामुळे बहुधा वाचनातच चूक झालेली असते. आलेखाच्या सुरुवातीची काही डझन आणि शेवटची अस्पष्ट अक्षरे जुळवणीपूर्वीच कापावीत. मग सर्व अनुक्रमांचे अमिनो आम्लांत भाषांतर करून जुळवणी पुन्हा पाहावी. ॲलीव्ह्यूमध्ये हे एका बटनावर होते.

ब्लास्ट इंटरनेटशिवाय चालेल का?

चालेल, पण संग्रह स्वतः पुरवावा लागतो. एनसीबीआयचा संपूर्ण न्यूक्लिओटाइड संग्रह शेकडो गिगाबाइटचा असल्याने तो उतरवण्याच्या फंदात पडू नये. आपल्या विषयापुरते अनुक्रम, उदाहरणार्थ केळीवरील सर्व ज्ञात विषाणूंचे, एका फास्टा फाइलमध्ये उतरवून ‘मेकब्लास्टडीबी’ या आज्ञेने त्यांचा छोटा संग्रह करावा. तो साध्या लॅपटॉपवरही क्षणात उत्तर देतो.

संगणक किती शक्तिशाली असावा लागतो?

शंभर-दोनशे अनुक्रम आणि प्रत्येकी हजार-दीड हजार अक्षरे असतील, तर ४ जीबी मेमरीचा संगणक पुरतो. लांबच लांब जनुकसंच जुळवताना मेमरी अपुरी पडते आणि प्रोग्राम कोणतेही स्पष्टीकरण न देता बंद होतो. ते सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनमधील दोषाचे लक्षण नसते. असे मोठे काम गॅलॅक्सीसारख्या सार्वजनिक सर्व्हरवर न्यावे. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात लॅपटॉप तापून संथ होतो आणि भारनियमन वेगळेच, म्हणून रात्रभर चालणारे काम डेस्कटॉपवर आणि यूपीएस लावूनच सुरू करावे.

प्रबंधात सॉफ्टवेअरविषयी काय लिहावे लागते?

सॉफ्टवेअरचे नाव, नेमकी आवृत्ती, वापरलेले पर्याय आणि त्याच्या कर्त्यांचा मूळ शोधनिबंध. ‘क्लस्टलने जुळवणी केली’ हे वाक्य अपुरे आहे, कारण क्लस्टल डब्ल्यू आणि क्लस्टल ओमेगा यांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. बहुतेक प्रोग्राम ‘व्हर्जन’ हा पर्याय दिल्यावर आपली आवृत्ती सांगतात, आणि कोंडातील संपूर्ण पर्यावरणाची यादी ‘कोंडा एन्व्ह एक्सपोर्ट’ या आज्ञेने एका फाइलमध्ये काढता येते. ती फाइल, मूळ फास्टा फाइल आणि हाताने काही बदल केले असल्यास त्यांची नोंद परिशिष्टात जोडावी. वेब सर्व्हर वापरला असेल, तर त्याचे नाव आणि दिनांकही लिहावा, कारण तेथील आवृत्ती आपल्याला न कळवता बदलली जाते.